कासवाच्या पिल्लाला खाली काय घालायचं?



मागच्या रविवारी स्वयंपाकघरात मूग निवडत बसले होते. नात मोबाईल घेऊन आली. चौथीत आहे. कुठल्याशा परदेशातल्या घरात काचेच्या पेटीत कासवाची दोन पिल्लं फिरताना तिनं पाहिली होती. म्हणाली, "आजी, आपण पण आणूया ना एक. मी सांभाळीन. फक्त एक सांग, त्याला खाली काय घालायचं? कापूस का वाळू?"

मी लगेच काही बोलले नाही. हाच प्रश्न आमच्या घरात वीसेक वर्षांपूर्वी एकदा येऊन गेला होता. तेव्हा मी उत्तर दिलं होतं, ते चुकलं, आणि त्यात एक जीव गेला. तो प्रसंग पुढे सांगतेच. पण त्यानंतर कासवाबद्दल जे मिळेल ते वाचायचा मला नादच लागला. माणसानं कासवाला घर कसं दिलं, त्याच्या खाली काय घातलं, याला मोठा इतिहास आहे. त्यात आपल्या लोकांचाही भाग आहे. तो आज लिहिते.

विहिरीतलं कासव आणि वेदीवरचं कासव

माझं सासर शिरोळ तालुक्यातलं, शेतीवाडीचं. मळ्यात दगडी, पायऱ्यांची विहीर होती. तिच्यात एक कासव होतं. ते कधी आणि कुणी सोडलं, हे मामंजींनाही माहीत नव्हतं. सासूबाई म्हणायच्या, "विहिरीत कासव हाय म्हंजे पाणी चांगलं हाय." आपल्याकडे बऱ्याच गावांत ही रीत होती. पाण्यातले किडे, गोगलगायी, मेलेलं काहीबाही कासव खातं, म्हणून पाणी स्वच्छ राहतं असा समज. सकाळी ऊन खालच्या पायरीवर आलं की ते कासव वर येऊन बसायचं. पाण्यातल्या कासवालाही उन्हात येऊन अंग वाळवावं लागतं, हे मला पुष्कळ नंतर कळलं. आमच्या विहिरीला पायऱ्या होत्या म्हणून त्याचं निभावलं. पुढे सिमेंटच्या गोल, गुळगुळीत कड्यांच्या विहिरी आल्या. त्यात सोडलेल्या कासवाला टेकायलाही जागा नसते.

बस्तीत मात्र कासव आपल्याला रोज भेटतं. विसावे तीर्थंकर भगवान मुनिसुव्रतनाथ यांचं लांछन कासव. तीर्थंकरांच्या मूर्तीखाली लांछन कोरायची पद्धत गुप्तकाळापासून दिसू लागते. त्याआधीच्या मूर्तींवर ती चिन्हं नसत. मुनिसुव्रतनाथांचा जन्म राजगृहीचा, निर्वाण सम्मेदशिखरजीवर. आपल्या महाराष्ट्रात पैठणला त्यांचं अतिशय क्षेत्र आहे. शनि अमावास्येला तिथं किती गर्दी होते ते तुम्ही पाहिलं असेल. तिथली मूर्ती वाळूची आहे अशी श्रद्धा आहे.

आणि कोल्हापूरकरांना दुसरं कासव सांगायला नको. अंबाबाईच्या किरणोत्सवात सूर्याची किरणं आज कासव चौकापर्यंत आली, आज पितळी उंबऱ्यापर्यंत आली, हे आपण दरवर्षी पेपरात वाचतो. देवळात शिरताना आधी कासव का, तर इंद्रियं आत ओढून घेऊन पुढं जा, असं जुनी माणसं सांगत.

आपल्या आगमातही ही उपमा आहे. श्वेतांबर परंपरेतल्या ज्ञाताधर्मकथा या अंगसूत्रात चौथं अध्ययन कासवांचंच आहे. वाराणसीजवळ एका डोहातून संध्याकाळी दोन कासवं बाहेर येतात. दोन कोल्हे त्यांना गाठतात. कासवं पाय आणि मान आत घेतात. कोल्हे त्यांना उलटंपालटं करून दमतात आणि लांब जाऊन दबा धरून बसतात. एका कासवाला धीर धरवत नाही. ते एक पाय बाहेर काढतं, मग दुसरा, आणि जीव गमावतं. दुसरं कोल्हे पुरते निघून जाईपर्यंत हलत नाही. मग चारी दिशांना बघून झपाट्यानं डोहात जातं. चार पाय आणि एक मान म्हणजे पाच, आणि इंद्रियंही पाच. पाठशाळेत मी ही गोष्ट मुलांना कितीदा सांगितली असेल.

पण एक सांगते. विहिरीत, वेदीवर, गोष्टीत इतकी कासवं असूनही खरं कासव कसं जगतं, हे मला काडीचंही माहीत नव्हतं. त्यात आपली भाषाही थोडी घात करते. इंग्रजीत जमिनीवरच्याला टॉर्टाइज आणि पाण्यातल्याला टर्टल असे दोन शब्द आहेत. आपल्याकडे दोघांना एकच, कासव. आणि कासव म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पाणी येतं.

सुरतेचं म्हातारं कासव

माणसाच्या आश्रयाला राहिलेल्या कासवांत आपल्या लोकांना अभिमान वाटावा असं एक आहे. सुरतेत व्यापारी महाजनांनी चालवलेलं जनावरांचं रुग्णालय होतं. इंग्रज त्याला बनियांचं हॉस्पिटल म्हणत. आपल्या भाषेत पांजरपोळच. वॉल्टर हॅमिल्टन या इंग्रजानं हिंदुस्थानचं वर्णन करणारा मोठा ग्रंथ १८२० मध्ये छापला, त्यात या जागेची १७७२ सालची हकिकत आहे. उंच भिंतींनी वेढलेली मोठी जमीन, तिचे वेगवेगळे भाग, त्यात घोडे, बैल, शेळ्यामेंढ्या, माकडं, कबुतरं. उंदीर आणि ढेकणांसाठीसुद्धा वेगळी सोय. आणि त्यात एक म्हातारं कासव, तिथं पंचाहत्तर वर्षं असलेलं.

मी कॉमर्सची, त्यामुळे आधी वजाबाकी केली. १७७२ मधून ७५ गेले की १६९७ राहतात. म्हणजे औरंगजेब दख्खनेत होता, छत्रपती राजाराम महाराज जिंजीला वेढ्यात होते, तेव्हा कुणीतरी ते कासव त्या भिंतीच्या आत आणलं. ज्यानं आणलं तो गेला, त्याची मुलं गेली असतील, आणि कासव तिथंच. महाजनांच्या तीन पिढ्यांनी त्याला चारा घातला.

ते इतकं कसं जगलं? त्या वर्णनात आहे तेवढंच बघा. मोठी जमीन आणि उंच भिंत. पायाखाली माती, डोक्यावर आभाळ, चालायला जागा, आणि कुत्र्यामांजरांपासून आडोसा. आज कासवांचे जाणकार ज्याला चांगलं घर म्हणतात ते यापेक्षा फार वेगळं नाही. आपल्या मुंबईचं पांजरपोळ १८३४ मध्ये सुरू झालं. शेठ मोतीचंद अमीचंद आणि सर जमशेटजी जीजीभॉय यांचा त्यात पुढाकार होता, म्हणजे एक जैन आणि एक पारशी. त्याच परंपरेतून गावोगावी पांजरपोळं झाली, आपल्या कोल्हापुरातही आहे. तिथं बहुतेक गाईगुरंच असतात, पण मूळ कल्पनेत कासवालाही जागा होती, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

मातीची पेटी

सुरतेचं कासव आपल्या कोपऱ्यात फिरत होतं, साधारण त्याच काळात इंग्लंडमध्ये एक कासव जगप्रसिद्ध होत होतं. त्याचं नाव टिमथी. गिल्बर्ट व्हाइट या धर्मोपदेशकाच्या आत्याकडे ते चाळीसएक वर्षं होतं. व्हाइट आत्याकडे जाई तेव्हा त्याच्याकडे बारकाईनं बघत बसे. नोव्हेंबर आला की ते कासव आपणच जमीन उकरून खाली जाई आणि वसंत ऋतूत वर येई. उकरण्याचा वेग इतका संथ, की हलतंय हे कळायचंही नाही.

१७८० च्या मार्चमध्ये, आत्या गेल्यावर, व्हाइटनं ते जमिनीतून उकरून काढलं आणि सेलबोर्नला आपल्या घरी नेलं. घोडागाडीचा प्रवास ऐंशी मैलांचा, म्हणजे जवळजवळ एकशे तीस किलोमीटर. आता बघा, त्यानं पेटीत काय घातलं? कापूस नाही, गवत नाही, चिंध्या नाहीत. माती भरली. घरी बागेत सोडल्यावर कासव थोडं फिरलं आणि संध्याकाळी गारठा पडल्यावर पुन्हा मऊ मातीत शिरलं. व्हाइटचं सेलबोर्नवरचं पुस्तक १७८९ मध्ये आलं आणि आजही वाचलं जातं. १७९३ मध्ये तो वारला, टिमथी पुढच्या वर्षी. कासवाची पाठ लंडनच्या संग्रहालयात ठेवली आहे. ती तपासल्यावर कळलं की टिमथी मादी होती. इतकी वर्षं सगळे तिला पुरुषाच्या नावानं हाक मारत होते.

या माणसाचं मला कौतुक वाटतं ते एका गोष्टीसाठी. कासवाला काय आवडेल हे त्यानं स्वतःच्या मनानं ठरवलं नाही. ते आपणहून कुठं जाऊन झोपतं, ते बघितलं आणि तेच पेटीत घातलं.

काचेची पेटी

पुढच्या काळात हे बघणं सुटलं आणि व्यापार वाढला. विसाव्या शतकात मोरोक्को आणि भूमध्य समुद्राकाठच्या देशांतून लाखो कासवं युरोपात विकायला गेली. खोक्यांत एकावर एक रचून नेलेली. पहिल्या हिवाळ्यातच कितीतरी मरत. शेवटी १९८४ मध्ये युरोपीय देशांनी त्यांचा व्यापार बंद केला.

अमेरिकेत वेगळंच झालं. तिथं लाल कानाची, हिरवी, रुपयाएवढी पाण्यातली पिल्लं मुलांना खेळण्यासारखी विकत. प्लॅस्टिकच्या थाळीत थोडं पाणी आणि मधे एक प्लॅस्टिकचं झाड. मुलं ती हाताळत, तोंडाजवळ नेत आणि साल्मोनेला जंतूंनी आजारी पडत. १९७५ मध्ये तिथल्या सरकारनं चार इंचांपेक्षा लहान पाठीचं कासव विकायला बंदी घातली. पण परदेशी पाठवायला मोकळीक राहिली. तीच पिल्लं पुढं जगभर गेली, आणि आपल्याकडच्या माशांच्या दुकानांतही आली.

याच सुमाराला आपल्या घरांत धातूचं कासव आलं. पाण्याच्या वाटीत ठेवायचं, तोंड अमुक दिशेला, म्हणजे लक्ष्मी येते. मग कासवाची अंगठी आली. वाटीत धातूचं कासव शोभतं, तर जिवंत का नको, असं लोकांना वाटू लागलं. दुकानात लाल कानवाल्यांबरोबर चोरून आपलं देशी तारा कासवही मिळे. काळ्या पाठीवर पिवळ्या चांदण्या काढल्यासारखं, म्हणून स्टार कासव म्हणतात. दिसायला इतकं देखणं की रांगोळीच वाटावी. हे पूर्णपणे जमिनीवरचं कासव. राजस्थान, गुजरात, दक्षिण भारत आणि श्रीलंकेच्या कोरड्या माळरानात, खुरट्या झुडपांत राहणारं. त्याला पोहता येत नाही.

आता आमच्या घरची गोष्ट. २००६ च्या पावसाळ्यात माझा मुलगा बाहेरगावच्या एका दुकानातून अशी दोन पिल्लं घेऊन आला. मुठीत मावतील एवढी. तेव्हा तो कॉलेजात होता. "आई, घरात बरकत येईल," म्हणाला. दुकानदारानं सांगितल्याप्रमाणे काचेच्या टाकीत रंगीत खडे आणि दोन बोटं पाणी घातलं. पिल्लं दिवसभर काचेला पाय घासत राहायची. मला वाटायचं, खेळताहेत. काच त्यांना दिसत नाही, ती पलीकडे जायला धडपडताहेत, हे मला कसं कळावं?

चार दिवसांत त्यांचे डोळे चिकटले, नाकातून फेस यायला लागला. मला वाटलं, गारठली असतील. बाळाला करतो तसंच केलं. बुटाच्या खोक्यात वर्तमानपत्र अंथरलं, त्यावर कापूस, वर जुन्या सुती लुगड्याची घडी. ऊन लागू नये म्हणून खोकं कपाटाच्या आडोशाला. खायला दूधभात आणि पावाचा चुरा. कागदावर त्यांचे पाय घसरत. कापसाचा धागा एकाच्या नखांत गुंतून पाय सुजला. मी रोज णमोकार म्हणत त्याला हातात घेऊन बसायची. दसरा झाला आणि ते गेलं.

दुसऱ्याला घेऊन मी गुरांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "ताई, हे ठेवणं गुन्हा आहे, ते नंतर बघू. आधी हे सांगा, याला माती का नाही दिली?" त्यांच्यामार्फतच ते वनखात्याकडे गेलं.

मला शिक्षा झाली नाही. पण तो प्रश्न राहिला. माती का नाही दिली? कारण माती मला घाण वाटली. कापूस स्वच्छ वाटला. मी माझ्या सोवळ्यानं त्या जिवाचं घर ठरवलं.

कोरडं की ओलसर

यात चूक फक्त माझ्यासारख्या अडाण्यांचीच झाली असं नाही. जमिनीवरचं कासव म्हणजे कोरड्या प्रदेशातलं, तेव्हा त्याला कोरडंच ठेवायचं, असं शिकलेले लोकही वर्षानुवर्षं मानत होते. खाली वाळकं गवत, कागद, लाकडाचा भुसा किंवा कोरडी वाळू. अशी वाढलेली पिल्लं मोठी झाली की त्यांच्या पाठीवर टोकदार उंचवटे येत, जणू छोटे डोंगर. तारा कासवाच्या पाठीला मुळातच थोडे उंचवटे असतात, पण हे त्यापलीकडचं, बेढब. दोष खाण्यातल्या प्रथिनांचा समजला जाई.

२००३ मध्ये व्हिएन्नाच्या वीझनर आणि इबेन यांनी आफ्रिकन कासवाच्या पिल्लांवर केलेला अभ्यास छापला. काही पिल्लं कोरड्या हवेत ठेवली, काही दमट हवेत, आणि प्रथिनं कमीजास्त करून बघितली. प्रथिनांनी फारसा फरक पडला नाही. कोरड्या हवेतल्यांच्या पाठी डोंगराळ झाल्या, दमट हवेतल्यांच्या गुळगुळीत राहिल्या.

विचार केला तर हे आपल्याला आधीच कळायला हवं होतं. मोठं कासव माळावर उन्हात दिसतं, पण पिल्लू दिसतं का? ते गवताच्या बुडख्यात, पाल्याखाली, ओलसर मातीत दडून असतं. तारा कासवाचा सगळा संसार पावसाशी बांधलेला. माळ कोरडा असला तरी पिल्लाची जागा ओलसरच.

त्यामुळे आज जाणकार काय सांगतात, तर पिल्लाखाली खत-औषध नसलेली साधी माती, तिच्यात नारळाच्या काथ्याचा भुसा मिसळलेला, वर वाळलेला पाला. दोन-तीन इंच जाड, म्हणजे पिल्लाला अंग पुरून घेता येईल. मूठ आवळली तर गोळा व्हावा पण पाणी टपकू नये, इतकीच ओल, आपण भाकरीच्या पिठाचा अंदाज घेतो तसा. एका बाजूला ऊब, दुसरीकडे गारवा, म्हणजे हवं तिकडे त्याला जाता येईल. सकाळचं कोवळं ऊन थेट, काचेतून नाही, कारण पाठ घट्ट व्हायला लागणारं जीवनसत्त्व ड काचेतून गाळलेल्या उन्हात मिळत नाही. भिंती आरपार न दिसणाऱ्या. पाण्याची थाळी इतकी उथळ की उभं राहिलं तर डोकं वर राहील. नुसती वाळू नको, ती खाण्याबरोबर पोटात जाऊन आतडं तुंबतं. खडे नकोत. देवदार किंवा पाइनचा भुसा नको, त्यातल्या वासाच्या तेलानं त्रास होतो. गुळगुळीत कागद आणि फरशी नको, पाय फाकतात. आणि कापूस तर नकोच नको.

नातीच्या प्रश्नाचं पुस्तकी उत्तर हे. पण माझं उत्तर इथं संपत नाही.

माती आहे, पण घर आपलं नाही

आपला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. तारा कासव त्यात आधी चौथ्या अनुसूचीत होतं. २०२२ च्या दुरुस्तीनं ते पहिल्या अनुसूचीत गेलं, जिथं वाघ आहे. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. त्याला पकडणं, विकणं, विकत घेणं, घरी ठेवणं, सगळं बंद. शिक्षा तीन ते सात वर्षं कैद आणि किमान पंचवीस हजार दंड. परदेशी व्यापारावरही २०१९ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत सर्वांत कडक बंदी आली.

इतकं कडक का? २०१५ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात, भारतातल्या एकाच व्यापाराच्या ठिकाणी वर्षाला किमान पंचावन्न हजार तारा कासवं गोळा होतात असा अंदाज आहे. त्यात लहान पिल्लं मोठ्या प्रमाणात. नोव्हेंबर २०१८ मध्ये सिंगापूरला चोरून नेलेली एक्कावन्न कासवं विमानानं बेंगळुरूला परत आणली. एक्कावन्न परत येतात तेव्हा मोठी बातमी होते. गेलेल्यांची होत नाही. आमच्या घरातली दोन त्या गेलेल्यांच्या खात्यातली.

पिल्लांना माणसानं आसरा देण्याची चांगली रीतही आपल्याच महाराष्ट्रात आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वेळासला समुद्री कासवं अंडी घालतात. पूर्वी ती अंडी चोरीला जात, कोल्ह्याकुत्र्यांच्या तोंडी पडत. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती राखायला सुरुवात केली. कुंपण घातलेल्या जागेत, आईनं उकरला असेल तसाच खड्डा वाळूत करून अंडी त्यात ठेवतात. साधारण पन्नास-साठ दिवसांनी पिल्लं वर येतात. वरच्या टोपलीखालून ती काढून पाण्याच्या थोडं अलीकडे सोडतात. पुढचं अंतर ती स्वतः चालतात. वाळू तीच, समुद्र तोच. माणसानं फक्त राखण केली आणि वेळेवर हात काढून घेतला. आम्ही दोन वर्षांपूर्वी नातीला घेऊन गेलो होतो. मी मात्र पिल्लं समुद्रात जाताना बघून बाजूला जाऊन रडले.

बंध

मैत्रिणींनो, अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण लहानपणापासून पाठ करतो. बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. मी ते पाठशाळेत शिकवत होते त्याच महिन्यात माझ्या घरी ते खोकं होतं. बंध म्हणजे दोरीनं बांधणं एवढंच मी समजत होते. काचेची पेटी हा बंध आहे, हे मनाला शिवलं नाही. दूधभात घालत होते, म्हणून अन्नपाननिरोध नाही असं वाटलं. पण जे त्याचं अन्न नाही ते घालणं म्हणजे अन्न न घालणंच नाही का? चातुर्मासात एका आर्यिका माताजींजवळ मी हे सगळं बोलले. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, आलोचना केलीस, आता ज्याला माहीत नाही त्याला सांग. म्हणून सांगते आहे.

आणि एक गोष्ट आपल्या बायकांसाठी मुद्दाम. पर्युषणात, दशलक्षण पर्वात कुणीकुणी दुकानातून पिंजऱ्यातले जीव विकत घेऊन सोडतात. भावना निर्मळ असते. पण आपण दोन विकत घेतले की दुकानदार चार मागवतो. जमाखर्च मांडून बघा. शिवाय सोडायचं कुठं? जमिनीवरचं कासव रंकाळ्यात किंवा पंचगंगेत सोडलं तर ते बुडून मरतं. लाल कानाचं परदेशी कासव तळ्यात सोडलं तर ते तगतं, पण तिथल्या आपल्या देशी कासवांच्या तोंडचं खाणं आणि उन्हाची जागा घेतं. एकाला अभयदान देताना दुसऱ्याचं घर जातं. दया तर आपल्या रक्तातच आहे, तिला माहितीची जोड हवी.

सापडलं तर

शेतात, रस्त्यावर, पावसात कासवाचं पिल्लू सापडलं तर काय करायचं? रानातच असेल आणि धडधाकट असेल तर तिथंच राहू द्यावं. रस्ता ओलांडत असेल तर ज्या दिशेला तोंड आहे त्याच बाजूला नेऊन ठेवावं. जखमी असेल किंवा कुणाच्या घरातून आलं असेल तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. माणूस येईपर्यंत एका रात्रीची सोय म्हणजे पुठ्ठ्याचं किंवा लाकडी खोकं, खाली दोन-तीन इंच ओलसर माती, वर पाला, अर्ध्या भागावर झाकण, हवेला भोकं. उंदीर, मांजर, कावळा आणि मुंग्यांपासून लांब ठेवावं. जमिनीवरचं की पाण्यातलं हे कळत नसेल तर पाण्यात अजिबात ठेवू नये. ओलसर मातीवर एक रात्र दोन्ही निभावतात. दूध, भात, पाव काही घालू नये. एका रात्रीच्या उपवासानं कासवाचं काही बिघडत नाही, आणि उपवासाचं आपल्याला काय सांगायचं! हाताळल्यावर हात साबणानं धुवावेत, मुलांचे आधी.

नातीला मी हे सगळं तिला झेपेल तसं सांगितलं. खोक्यातल्या पिल्लाचंही सांगितलं, काही लपवलं नाही. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग आजी, त्याला खाली माळच घालायला पाहिजे." मी म्हटलं, "हो बाळा, आणि माळ काही आपल्या घरात मावत नाही."

परवा ती माझ्याबरोबर बस्तीत आली होती. मुनिसुव्रतनाथांच्या वेदीपाशी तांदूळ वाहिले, आणि खाली वाकून त्या कोरलेल्या कासवाकडे बघत राहिली. मी मनातल्या मनात त्या दसऱ्याच्या पिल्लाची क्षमा मागितली. दरवर्षी मागते.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी अशी पेटी असेल तर लाजू नका, लपवू नका. फोन करा.

जय जिनेंद्र.